पहिल्या दिवसाचा मानकरी

सदर : कट्ट्यावरच्या गप्पा



2025 सालच्या नोव्हेंबरचे पहिले दोन दिवस आपल्या टोरोंटोकर मराठी घरांना चांगलेच लक्षात राहतील. शनिवारी, 1 तारखेच्या रात्री, ब्लू जेज वर्ल्ड सिरीजचा सातवा आणि शेवटचा सामना डॉजर्सकडून 5-4 असा अकराव्या इनिंगमध्ये हरले. 1993 नंतर प्रथमच एवढी मजल मारली होती, आणि हातातोंडाशी आलेला घास गेला. त्याच रात्री घड्याळे एक तास मागे गेली. रविवारी सकाळी लोक सुजलेल्या डोळ्यांनी उठले, तर तिकडे नवी मुंबईत भारताच्या मुली दक्षिण आफ्रिकेला हरवून वर्ल्ड कप जिंकत होत्या. एका डोळ्यात आसू आणि एका डोळ्यात हसू म्हणतात ते हेच.

त्या महिन्यात बऱ्याच घरांतल्या आजी-आजोबांनीही बेसबॉल पाहिला. क्रिकेटवर वाढलेल्या पिढीला बेसबॉल म्हणजे "आपला खेळ चोरून बिघडवला" असे वाटते. पण नातवंडांच्या नादाने का होईना, गोडी लागते. त्यांच्या तोंडी एक नाव सारखे ऐकू येत होते : व्लादिमिर गरेरो ज्युनियर. पहिल्या बेसवर उभा राहणारा, मॉन्ट्रियलमध्ये जन्मलेला, ब्लू जेजने 14 वर्षांसाठी 50 कोटी अमेरिकन डॉलर्सचा करार केलेला खेळाडू. त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. या खेपेस मला लिहायचे आहे ते ब्लू जेजसाठी ती जागा सर्वांत आधी सांभाळणाऱ्या माणसावर. त्याचे नाव डग ऑल्ट. मोठ्या लीगमध्ये तो एकंदर 256 सामने खेळला. त्यांतला एकच लोकांना आठवतो.

आधी थोडे खेळाविषयी

ज्यांना बेसबॉल ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावे. बाकीच्यांसाठी सांगतो. मैदानात चार कोपरे असतात आणि दोन कोपऱ्यांत 90 फुटांचे अंतर. फलंदाज एका कोपऱ्यावर उभा राहतो, चेंडू मारतो आणि उजव्या हाताच्या कोपऱ्याकडे पळत सुटतो. तो पहिला बेस. या चौकोनाच्या आसपास क्षेत्ररक्षण करतात ते इनफिल्डर. मागे लांब मैदानात उभे असतात ते आउटफिल्डर. पहिल्या बेसवरचा माणूस म्हणजे धावबादच्या वेळी स्टंपपाशी उभा असलेला आपला यष्टिरक्षक समजा. इतरांनी चेंडू अडवायचा आणि त्याच्याकडे फेकायचा. त्याने एक पाय बेसला चिकटवून, अंग ताणून, आडवातिडवा आलेला चेंडू हातमोज्यात घ्यायचा. फलंदाज पोहोचण्याआधी चेंडू पोहोचला की फलंदाज बाद. शाबासकी मिळते फेकणाऱ्याला. झेलणाऱ्याकडे लक्ष जाते ते त्याच्या हातून सुटला तरच. आपल्याकडच्या कितीतरी गृहिणींना हा न्याय समजावून सांगण्याची गरज नाही!

आणखी एक गोष्ट. बेसबॉलच्या जाणकारांत असा दंडक आहे की या जागेवरचे क्षेत्ररक्षण तुलनेने सोपे, तेव्हा इथल्या माणसाने बॅटने भरपूर कमवून आणले पाहिजे. कुंपणापलीकडे चेंडू धाडला की होमरन, म्हणजे आपला षटकार. पहिल्या बेसवाल्याकडून होमरनची अपेक्षा जरा जास्तच. ऑल्टचे पुढे जे झाले ते समजायला हे ठाऊक हवे.

नको असलेल्यांचा संघ

1976 पर्यंत टोरोंटोला मोठ्या लीगचा संघ नव्हता. कॅनडात तो मान 1969 पासून मॉन्ट्रियल एक्स्पोजचा. 1976 च्या सुरुवातीला सॅन फ्रॅन्सिस्को जायंट्स हा संघ उचलून टोरोंटोला आणण्याचा घाट जवळजवळ तडीस गेला होता, पण तो फिसकटला. त्याच वर्षी अमेरिकन लीगने टोरोंटोला नवा कोरा संघ दिला. प्रवेश फी 70 लाख डॉलर्स. मालकांत लॅबॅट ही बिअर कंपनी, इम्पिरियल ट्रस्ट आणि सीआयबीसी बँक. गंमत अशी की मालक बिअरवाला, पण ऑन्टारियोच्या कायद्यामुळे स्टेडियममध्ये बिअर विकायला बंदी! ती 1982 मध्ये उठली. तोवर प्रेक्षक बिअरच्या नावाने घोषणा देत बसायचे.

संघ काढला, पण खेळाडू कुठून आणायचे? त्यासाठी "एक्स्पान्शन ड्राफ्ट" नावाची रीत आहे. जुन्या संघांनी आपले हवे ते खेळाडू राखून ठेवायचे आणि उरलेल्यांतून नव्याने निवडायचे. म्हणजे घरातली धडकी भांडी आधी बाजूला काढून, पोचे पडलेली मोडीत द्यावीत तसे. 5 नोव्हेंबर 1976 रोजी हा बाजार भरला. त्यात टेक्सास रेंजर्सने राखून न ठेवलेला एक खेळाडू टोरोंटोने उचलला. तो डग ऑल्ट.

ऑल्टचा जन्म 9 मार्च 1950 चा, टेक्सासमधल्या बोमॉंट गावचा. टेक्सास टेक विद्यापीठात तो शिकला आणि खेळला. रेंजर्सच्या खालच्या संघांतून घाम गाळत वर येता येता 1976 उजाडले, आणि त्या वर्षी मोठ्या लीगमध्ये त्याला फक्त 9 सामने मिळाले. बेसबॉलमध्ये सव्विसाव्या वर्षी नवखा असणे म्हणजे आपल्याकडच्या भाषेत घोडनवरा असण्यासारखेच. अशा वेळी कळते की आपल्या संघाने आपल्याला राखलेले नाही. आता परक्या देशातल्या, कुणी कधी न पाहिलेल्या संघात जायचे आहे. टेक्सासच्या उन्हात वाढलेला माणूस टोरोंटोला निघाला.

त्याच सुमारास आपल्यापैकी काही जण या शहरात नव्याने आले होते. हातात डिग्री, आणि समोर "कॅनेडियन एक्सपिरियन्स आहे का?" हा प्रश्न. मायदेशी कुणी राखून ठेवले नाही, इथे कुणी ओळखत नाही, अशी ती अवस्था. या इनफिल्डरकडे आपल्या लोकांनी जरा आपुलकीने पाहायला हरकत नाही.

7 एप्रिल 1977

गुरुवार होता. भारतात निवडणूक होऊन, आणीबाणी उठून, मोरारजी देसाई पंतप्रधान झाल्याला अजून पंधरवडाच झाला होता. इथली मराठी घरे ती सगळी हकिकत सांगणाऱ्या एरोग्रामची वाट पाहत होती. आणि टोरोंटो शहर वाट पाहत होते ती आपल्या पहिल्यावहिल्या बेसबॉल सामन्याची. सरोवराकाठच्या सीएनईच्या आवारात एक्झिबिशन स्टेडियम होते. मूळ फुटबॉलचे, बेसबॉलसाठी ठोकून-ठाकून बसवलेले. वारा सरळ लेक ऑन्टारियोवरून यायचा आणि मैदानावर सीगल पक्ष्यांचा कायमचा मुक्काम. (1983 मध्ये न्यूयॉर्क यांकीजच्या डेव्ह विनफिल्डच्या हातून सुटलेला चेंडू लागून एक सीगल मेला तेव्हा पोलिसांनी त्याला चौकीवर नेले होते. तोच विनफिल्ड 1992 मध्ये टोरोंटोकडून खेळला आणि त्यानेच वर्ल्ड सिरीज जिंकून देणारा फटका मारला!)

त्या दिवशी बर्फ पडला. एप्रिलातला बर्फ आपल्याला नवा नाही, पण बेसबॉलला तो चालत नाही. हॉकीच्या रिंकवर फिरते ते झॅम्बोनी यंत्र आणून मैदान साफ केले. पाहुण्या शिकागो व्हाइट सॉक्सच्या एका खेळाडूने पायांना स्कीसारखे सामान बांधून बर्फावरून घसरण्याचे नाटक करून दाखवले. ॲन मरे या गायिकेने जाड कोट घालून राष्ट्रगीत म्हटले. स्टेडियममध्ये 44,649 माणसे कुडकुडत बसली होती, आणि एकही उठून घरी जायला तयार नव्हते.

पाहुण्यांनी पहिल्याच इनिंगमध्ये होमरन मारून दोन धावा काढल्या. म्हणजे या देशातल्या अमेरिकन लीगच्या पहिल्या सामन्यातला पहिला षटकारही परक्याचाच. मग टोरोंटोची पाळी आली. ऑल्ट बॅट घेऊन आला. समोर केन ब्रेट नावाचा गोलंदाज. ऑल्टने चेंडू कुंपणापलीकडे धाडला. ब्लू जेजच्या इतिहासातला तो पहिला होमरन. तिसऱ्या इनिंगमध्ये तो पुन्हा आला आणि पुन्हा चेंडू कुंपणापलीकडे. दोन वेळा बॅटिंग, दोन होमरन. टोरोंटोने सामना 9-5 असा जिंकला आणि संध्याकाळपर्यंत डग ऑल्ट या शहराच्या घराघरात पोहोचला. ज्यांनी जन्मात बेसबॉल पाहिला नव्हता त्यांनाही हे एक नाव पाठ झाले.

आजही एप्रिल आला, सीझन सुरू झाला की टीव्हीवर तो बर्फ आणि ते दोन फटके दाखवतात.

उरलेले 255 सामने

आता आपण टीव्हीवर दाखवत नाहीत त्या भागाकडे येऊ.

1977 च्या त्या सीझनमध्ये ब्लू जेज 54 सामने जिंकले आणि 107 हरले. शेवटचा क्रमांक. तरीही सतरा लाखांवर लोकांनी स्टेडियममध्ये येऊन ते हरणे पाहिले. नव्या संसाराची हौस असते तशी. ऑल्ट त्या वर्षी 129 सामने खेळला. 11 होमरन, 64 धावा त्याच्या फटक्यांवर आल्या, आणि सरासरी .245. या आकड्याचा अर्थ असा की शंभर वेळा बॅटिंगला आला तर साडेचोवीस वेळा फटका कामी आला. क्रिकेटच्या हिशेबाने हे फारच थोडे वाटेल. पण बेसबॉलमध्ये शंभरातून तीस वेळा यश मिळवणारा थोर गणला जातो. म्हणजे उत्तमातला उत्तम खेळाडूसुद्धा दहापैकी सात वेळा मान खाली घालून परत येतो! म्हणूनच मला हा खेळ मुलांना शिकवण्याजोगा वाटतो. तीन विषयांत नव्वदच्या खाली मार्क पडले म्हणून तोंड लपवणाऱ्या आपल्या मुलांनी, आणि त्याहून त्यांच्या आईवडिलांनी, हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

तर ऑल्टचे पहिले वर्ष वाईट नव्हते. इतक्या कच्च्या संघात फलंदाजांपैकी मोठा भार त्याने उचलला होता. पण वर सांगितलेला दंडक आठवा : पहिल्या बेसवाल्याने बॅटने भरपूर कमवले पाहिजे. 11 होमरन त्या मापाने कमी. एप्रिल 1978 मध्ये, पहिल्या दिवसाच्या त्या पराक्रमाला एक वर्षही झाले नव्हते, तोच ब्लू जेजने कॅन्सस सिटीकडून जॉन मेबेरी या धिप्पाड खेळाडूला विकत घेतले. जागा तीच, पहिला बेस. मेबेरीने त्या वर्षी 22 होमरन मारले आणि दोन वर्षांनी, 1980 मध्ये, 30. संघाच्या दृष्टीने निर्णय अगदी बरोबर होता. यात कुणी खलनायक नाही. नव्याची नवलाई नऊ दिवस, एवढेच.

ऑल्टला 1978 मध्ये 54 सामने मिळाले. 1979 मध्ये मोठ्या लीगमध्ये एकही नाही. 1980 मध्ये तो परत आला, 64 सामने खेळला, सरासरी .194. तीस वर्षांचा झाला होता. 1981 मध्ये तो जपानला जाऊन हानशिन टायगर्सकडून एक सीझन खेळला. मोठ्या लीगमध्ये पुन्हा बोलावणे आले नाही. 256 सामने, 17 होमरन, सरासरी .236. हिशेब संपला.

17 पैकी दोन होमरन पहिल्याच सामन्यात. उरलेले 15 पुढच्या सगळ्या वर्षांत मिळून. आता विचार करा, अशा माणसाला जो भेटेल तो काय विचारणार? "त्या बर्फातल्या दिवसाबद्दल सांगा ना!" लोक प्रेमानेच विचारतात. पण वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी एका दुपारी कळसावर चढायचे आणि पुढची सगळी वर्षे लोकांनी कळसाकडे बोट दाखवत राहायचे, हे मानाचे पान असले तरी पचायला जड असणार.

पैसा आणि पेन्शन

आपल्या वाचकांना हा प्रश्न पडणारच, म्हणून सांगून टाकतो. 1977 मध्ये मोठ्या लीगमधला किमान पगार वर्षाला 19,000 अमेरिकन डॉलर्स होता. 2025 मध्ये तोच किमान पगार 7,60,000 डॉलर्स होता. म्हणजे त्या काळी संघात जेमतेम टिकणाऱ्या खेळाडूचे उत्पन्न चांगल्या नोकरदारासारखे, आणि तेही किती वर्षे मिळेल याचा नेम नाही. पेन्शनची गोष्ट तर अजून कडू. 1980 च्या कराराआधी पेन्शनसाठी चार वर्षांची नोकरी भरावी लागे. 1980 पासून अट 43 दिवसांवर आली, पण आधी निवृत्त झालेल्यांना ती मागे जाऊन लागू केली नाही. कुणी तीन वर्षे खेळला, कुणी साडेतीन, पदरात शून्य. 2011 मध्ये अशा जुन्या खेळाडूंना वर्षाला जास्तीत जास्त 10,000 डॉलर्स देण्याची सोय झाली, पण ते रीतसर पेन्शन नव्हे.

खेळात करिअर करू पाहणाऱ्या मुलाचा बाप म्हणून कुणी हा परिच्छेद मुलाला वाचून दाखवणार असेल, तर थांबा. पुढचे दोन परिच्छेदही वाचून दाखवा.

अमोलची रांग

छोटी करिअर म्हटली की मराठी माणसाला आपले क्रिकेटपटू आठवतात. 1988 साली शारदाश्रमच्या सचिन-विनोद जोडीने हॅरिस शील्डमध्ये 664 धावांची भागीदारी केली ती सगळ्यांना पाठ आहे. विनोद कांबळीने पुढे 17 कसोटींत 54 च्या वर सरासरी राखली आणि तरी वयाची चोविशी गाठण्याआधी त्याची कसोटी कारकीर्द संपली. पण त्या भागीदारीच्या वेळी पॅड बांधून तंबूत बसलेला तिसरा मुलगा होता अमोल मुजुमदार. दिवसभर बसला, पाळी आली नाही. पुढे 1994 मध्ये मुंबईसाठी पदार्पणातच त्याने 260 धावा काढल्या. पहिल्या दिवसाचा मानकरी तोही! नंतर प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा. भारताकडून सामने शून्य. जन्मभर पॅड बांधून बसल्यासारखे.

आणि आता वर सांगितलेला तो रविवार आठवा. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत वर्ल्ड कप उंचावणाऱ्या भारतीय मुलींचा मुख्य प्रशिक्षक कोण होता? हाच अमोल मुजुमदार. भारताची टोपी त्याला मिळाली नाही, पण ज्यांना ती मिळाली त्यांना त्याने वर्ल्ड कप जिंकायला तयार केले.

सायराक्यूजचे दिवस

ऑल्टचीही अशी दुसरी इनिंग झाली, आणि तिची आठवण एप्रिलमध्ये कुणी काढत नाही. खेळ थांबवल्यावर तो ब्लू जेजच्याच खालच्या संघांत मार्गदर्शक झाला. 1985 ते 1987 ही तीन वर्षे तो सायराक्यूज चीफ्सचा मॅनेजर होता. बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे मैदानावरचा सर्वाधिकारी. सायराक्यूज म्हणजे आपल्या सरोवराच्या पलीकडच्या बाजूचे, न्यूयॉर्क राज्यातले बर्फाळ शहर. तिथून एक पायरी चढली की टोरोंटो. मॅनेजरचे काम काय? विशी-बाविशीतल्या पोरांना घडवायचे, वर पाठवायचे, आणि वर पाठवलेला पोरगा महिन्याभरात परत आला तर त्याला पुन्हा उभा करायचा. वर जाऊन खाली येण्याचा अनुभव या मॅनेजरच्या गाठी भरपूर होता.

त्या पोरांत एक उंच, सडपातळ, पहिल्या बेसवर उभा राहणारा मुलगा होता. फ्रेड मॅकग्रिफ. पुढे तो टोरोंटोला आला आणि ऑल्टला जे साधले नाही ते त्याने साधले. सबंध कारकिर्दीत 493 होमरन, आणि 2023 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश. डिसेंबर 1990 मध्ये ब्लू जेजने मॅकग्रिफ आणि टोनी फर्नांडेझ यांना देऊन बदल्यात रोबर्टो अलोमार आणि जो कार्टर यांना आणले. 23 ऑक्टोबर 1993 च्या रात्री ज्याच्या होमरनने वर्ल्ड सिरीज जिंकली आणि सारी यंग स्ट्रीट नाचली, तो हाच जो कार्टर. आपल्यापैकी कित्येकांनी त्या रात्री मुलांना झोपेतून उठवले होते.

मॅकग्रिफला ऑल्टनेच घडवले असा दावा मी करणार नाही. एक खेळाडू घडवायला बरेच हात लागतात. पण त्यांतला एक हात त्याचा होता. पहिल्या बेसवरचा माणूस दुसऱ्याने फेकलेला चेंडू सांभाळतो. सायराक्यूजच्या डगआउटमध्ये बसूनही त्याने तेच काम केले, असे मला वाटते.

शेवट, आणि आपली घरे

डग ऑल्ट 22 डिसेंबर 2004 रोजी फ्लोरिडातील टार्पन स्प्रिंग्स इथे गेला. वय 54. त्याने स्वतःच्या हाताने आयुष्य संपवले. का, याचे उत्तर बाहेरच्या माणसाने शोधू नये. एका दुपारच्या कीर्तीवर किंवा संपलेल्या करिअरवर ते ढकलणे सोपे आहे, पण माणसाचे मन इतके सरळ नसते. दुखणे मनाचेही असते आणि ते आकड्यांत दिसत नाही, एवढेच खात्रीने म्हणता येते.

या विषयावर आपल्या मंडळाच्या पत्रकात लिहावे की नाही, असे कुणाला वाटेल. आपल्यात असल्या गोष्टी "हार्ट अटॅकने गेला" म्हणून मिटवायची पद्धत आहे. पण आपल्याच ओळखीच्या घरांकडे जरा पाहा. तिकडे चीफ इंजिनिअर होते, इथे आल्यावर तीन वर्षे गोदामात खोकी उचलली; पोरांना ते माहीत नाही, कारण त्यांनी कधी सांगितले नाही. पस्तीस वर्षे एका कंपनीत काढली आणि एका शुक्रवारी दुपारी कार्डबोर्डच्या डब्यात टेबलावरचे सामान भरून घरी आले. गणेशोत्सवात पंधरा वर्षे नाटके बसवणारे गृहस्थ. आता त्यांना पहिल्या रांगेत बसवून शाल देतात आणि पुन्हा पुन्हा एकाच जुन्या प्रयोगाची आठवण काढतात. आणि तेरा वर्षांची ती मुलगी, जिला सॉफ्टबॉलच्या निवड-संघातून यंदा वगळले, आणि जी "मला काही नाही" म्हणून दार लावून बसते.

यांना सगळ्यांना आपण एकच विचारतो : "तुमचा तो दिवस काय भारी होता, नाही?" त्यात गैर काही नाही. पण त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारावा : "आणि आता काय चालले आहे?" विचारून गप्प बसावे, चहा पुढे करावा आणि ऐकावे. उत्तर लगेच येत नाही. आपल्या पिढीतल्या पुरुषांकडून तर दुसऱ्या-तिसऱ्या चहालाच येते.

आणि कुणी फार खचलेले दिसले, किंवा स्वतःलाच तसे वाटले, तर संकोच न करता डॉक्टरांशी बोलावे. कॅनडात 30 नोव्हेंबर 2023 पासून 9-8-8 हा तीन आकडी नंबर सुरू आहे. दिवसरात्र, कुठूनही, फोन करता येतो किंवा टेक्स्ट पाठवता येतो. पैसे लागत नाहीत. इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये माणूस बोलतो. मुलांनी आजी-आजोबांच्या फोनमध्ये हा नंबर घालून ठेवावा, आणि आईवडिलांनी मुलांच्या.

एक्झिबिशन स्टेडियम 1999 मध्ये पाडले. त्या जागी आज फुटबॉलचे, म्हणजे सॉकरचे, बीएमओ फील्ड उभे आहे. पहिला बेस नेमका कुठे होता, हे तिथून जाणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते. एप्रिलमध्ये टीव्हीवर पुन्हा तो बर्फ दिसेल, तो दणका दिसेल. तेव्हा शेजारी बसलेल्या मुलाला किंवा नातीला एवढे सांगा, की हा माणूस त्यानंतर आणखी 246 सामने खेळला, जागा गेल्यावरही परत आला, परक्या मुलखात जाऊन खेळला, आणि मग दुसऱ्यांची पोरे वर पाठवत बसला. दोन होमरन ही त्याची बातमी होती. काम त्याचे हे बाकीचे सगळे.

पुढच्या अंकात काय लिहावे याबद्दल सूचना असतील तर अवश्य कळवा.